सर्वेअर म्हटलं की लोक सातबारा काढतात

लोकांची माहिती गोळा करायचा सर्व्हे करणाऱ्याने बायोडेटात स्वतःला इंग्रजीत काय म्हणावं, असा प्रश्न पडतो. 'सर्व्हे करणारा तो सर्वेअर, शब्दकोशातही तसंच आहे' असं काही जण म्हणतात. शब्दकोशाचं खरं, पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे खेड्यात सर्वेअर म्हणजे जमीन मोजणारा. कुटुंबांची माहिती घ्यायला गेलो तेव्हा मी सर्वेअर म्हणून ओळख दिली. एका आजोबांनी लगेच पेटीतून सातबारा काढला अन् धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद दाखवायला मला थेट वावरात नेलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी मोजायला आलं, असं त्यांना वाटलं होतं. नाही म्हणताना फार जड गेलं.

तेव्हा घरोघरी फॉर्म भरत असाल तर बायोडेटात एन्युमरेटर लिहा. २०११च्या जनगणनेत प्रगणकाला इंग्रजीत हाच शब्द होता. सविस्तर मुलाखती घेत असाल तर फील्ड इन्व्हेस्टिगेटर चालेल. पोलस्टर मात्र जनमताचा, बहुधा निवडणुकीचा कौल घेणारा.