कांसेचा काठ: काँक्रीटची भिंत की वाळ्याची?

मूळ मांडणी

वडोदऱ्याचे पावसाळी पाणी वाहून नेणाऱ्या भूखी, रूपारेल, मसिया या कांसांच्या, म्हणजे नैसर्गिक नाल्यांच्या, काठांना सरसकट काँक्रीटच्या भिंती घालू नयेत. पायथ्याशी तारेच्या जाळीत भरलेला दगड आणि त्यावर मातीच्या पायऱ्या करून वाळा व निर्गुडी लावावी, असे माझे ठाम मत आहे. आपली जमीन गाळाची आहे, उघडा पोयटा सेकंदाला पाऊण मीटर वेगाच्या पाण्यानेही सुटू लागतो, आणि मही नदीकाठची कोतरे, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी, पाहिलेल्या माणसाला ही माती कशी चिरत जाते हे सांगावे लागत नाही. काठ बहुधा पूर चढताना नव्हे, तर ओसरताना कोसळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती. असे पाणी झपाट्याने उतरते तेव्हा काठात मुरलेले पाणी मागेच राहते आणि त्याचा दाब भिंतीला पुढे ढकलतो. दगडांच्या फटींतून ते निघून जाते, आणि वाळ्याची मुळे तीन मीटरपर्यंत सरळ खाली उतरून माती आवळून धरतात. काँक्रीटमध्ये निचऱ्याची भोके ठेवतात खरी, पण ती गाळाने बुजतात.

प्रतिसाद १

नाले आखण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून हा विरोध नोंदवतो. नाल्यातल्या पाण्याचा वेग काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रात काँक्रीटचा खडबडीतपणा ०.०१५ च्या आसपास धरतात, तर दाट गवताचा ०.०३५ किंवा त्याहून अधिक. म्हणजे रुंदी, खोली आणि उतार तोच ठेवून तळासह सगळी कांस हिरवी केली, तर ती निम्म्याहूनही कमी पाणी वाहून नेईल. ३१ जुलै २०१९ रोजी या शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला; त्या दिवशी अडलेले पाणी कोणाच्या घरात शिरले असते, याचे उत्तर आपण द्यायला हवे. शिवाय पायऱ्यांना जागा लागते, आणि दोन्हीकडून इमारतींनी आवळलेल्या कांसेत ती नाही.

प्रतिसाद २

आमच्या सोसायटीच्या मागच्या कांसेवर आम्ही वाळा लावला होता. पहिल्या वर्षी जुलैत लावला आणि मुळे धरण्याआधीच तो वाहून गेला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लावला, उन्हाळाभर पाणी घातले, आणि तो टिकला. मात्र झाडाच्या सावलीतला भाग विरळच राहिला. प्लास्टिक त्यात अडकते आणि दर पावसानंतर ते कोणीतरी काढावे लागते, हेही मान्य केले पाहिजे. तरीही मी मातीच्या काठाच्या बाजूने आहे, कारण विश्वामित्रीतल्या मगरी अशाच काठात बिळे करतात आणि अंडी घालतात. उभ्या भिंतीवर त्यांना चढताही येत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

अभियंतेसाहेबांचा रुंदीचा मुद्दा मला मान्य आहे. आवळलेल्या भागात काँक्रीट राहू द्यावे. परंतु भिंत संपते तिथे काय होते, हे त्यांच्या हिशेबात आले नाही. गुळगुळीत नाल्यातून वेग घेऊन आलेले पाणी थेट उघड्या मातीवर आदळते, पायथा पोखरते आणि मग पुढच्या वर्षी भिंत आणखी लांबवण्याची मागणी होते. तिथे तळ मोकळा ठेवून फक्त काठ हिरवे केले, तर वहनक्षमता निम्म्यावर येणार नाही.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे प्रत्युत्तर

भिंतीच्या टोकाबद्दलचे आपले म्हणणे बरोबर आहे. तिथे दगडी अंथरूण आणि त्यापुढे वाळा हे मीही सुचवीन. पण माझी हरकत पूर्ण गेलेली नाही. काठ हिरवा करायचा तर कांस तेवढी रुंद झाली पाहिजे, आणि ठेक्यात लागवडीबरोबर किमान दोन पावसाळ्यांची निगा व मेलेली रोपे बदलण्याची अट हवी. या दोन्ही गोष्टी नकाशात आणि निविदेत लिहिलेल्या दिसेपर्यंत मी काँक्रीटच्याच बाजूने मत देईन.