बारीक फ्लाय कसल्या डबीत ठेवता? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,
डेन्व्हरला असतो. साउथ प्लॅट नदीवर डेकर्सच्या बाजूला ट्राउट माशांसाठी फ्लाय (हुकाला पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा) घेऊन जातो. वर चीझमन धरण, त्यामुळे पाणी गार आणि नितळ. मासे भलते चोखंदळ, खातात तेही बारीक किडे. परिणाम असा की २० ते २४ नंबरच्या मिजचा (चिलटासारखा बारीक फ्लाय) माझ्याकडे ढीग साठलाय (नवख्यांसाठी: नंबर वाढतो तसा हूक लहान होतो).

दुकानातल्या डबीत खाचा पाडलेला फोम असतो. १४ नंबरच्या निम्फला (पाण्याखाली बुडणारा फ्लाय) तो झकास. २२ नंबरचा झीब्रा मिज मात्र खाचेत अख्खा बुडतो, मग गारठलेल्या बोटांनी तो उकरत बसा. म्हणून पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी घेतली आहे. तळाला काय घालू, फोम की चुंबक? पत्रा गंजेल का? दुसरं, एल्क हेअर कॅडिससारखे ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारे) कशात ठेवता? हॅकल (हुकाभोवती गुंडाळलेलं पीस) दबलं की ते पाण्यावर आडवे पडतात. घरून हिंगाच्या रिकाम्या डबीची सूचना आली आहे, ती तूर्त विचाराधीन.

आणि हिवाळ्यात पिसांना कसर लागू नये म्हणून डांबरगोळी ठेवली तर चालेल?

गळवाला:
मिजला चुंबकच. पिझ्झावाले जाहिरातीचे पातळ चुंबक वाटतात ना, तो डबीच्या मापाने काप. पण छापील बाजू खाली आणि काळी बाजू वर ठेव. ओढ काळ्या बाजूलाच असते, छापील बाजूवर जवळजवळ नाहीच. दुतर्फी टेपने चिकटव. टंगस्टन मण्याचे जड निम्फ मात्र त्यावर ठेवू नकोस, डबी हलली की सगळे एका कोपऱ्यात. हिंगाच्या डबीचं म्हणशील तर माशांचं मला माहीत नाही, जॅकेटचा खिसा कायमचा फोडणीला जाईल.

नदीकाठची:
ड्राय फ्लायना औषधाच्या गोळ्यांची सात वारांची डबी घ्या. एका वेळी एकच झाकण उघडतं, त्यामुळे वारा आला तरी बाकीचे सहा वार शाबूत. एका कप्प्यात दोन-तीनच ठेवा, कोंबू नका. दबलेलं हॅकल चहाच्या आधणाच्या वाफेवर चिमट्याने क्षणभर धरा, पुन्हा उभं राहतं.

गंज पत्र्यापेक्षा ओल्या फ्लायमुळे जास्त धरतो. वापरलेला फ्लाय थेट डबीत टाकू नका, जॅकेटला लोकरीचा तुकडा टाचून त्यावर अडकवा. घरी आल्यावर डबी रात्रभर उघडी ठेवा. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत टाकली तर उत्तमच.

डांबरगोळी नको हो, काही प्लास्टिक त्याने मऊ पडून चिकटतं. फ्लाय पूर्ण सुकले की डबी झिपच्या पिशवीत घालून थोडे दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. फ्रीजवरचा पिझ्झावाला आत्ताच काढला. फ्रीझरची परवानगी मागायची आहे.