ब्लेड रनर: दोघांनी पाहिलेले शेवट वेगळे कसे?

पावसाळी_पक्षी:
'ब्लेड रनर'वरून मित्राशी वाजलं. मी पाहिला त्यात सिनेमाभर हॅरिसन फोर्डचं निवेदन आहे आणि शेवटी डेकार्ड (म्हणजे फोर्डच) आणि त्याची प्रेयसी रेचल गाडीतून हिरव्यागार डोंगरांकडे जातात. तो म्हणतो, छे, लिफ्टचं दार बंद होतं आणि सिनेमा संपतो. थापा कोण मारतंय?

पडदानशीन:
कोणीच नाही. तुम्ही १९८२ची प्रत पाहिलीत, त्याने नंतरची. चाचणी खेळांत प्रेक्षकांना काही उमगेना, म्हणून निवेदन घुसडलं आणि गोड शेवट चिकटवला. ते डोंगरही उसनेच, कुब्रिकच्या 'द शायनिंग'साठी हेलिकॉप्टरमधून टिपलेले आणि उरलेले! १९९२ मध्ये हे दोन्ही काढलं, डेकार्डला पडणारं एकशिंगी घोड्याचं स्वप्न आलं. दिग्दर्शक रिडली स्कॉटच्या पूर्ण मनासारखी झाली ती २००७ची 'फायनल कट'. तीच बघा, खोलीत अंधार करून.

लोकल_प्रवासी:
मला निवेदन आवडतं बुवा. जुन्या गुप्तहेरपटांचा बाज येतो.

पडदानशीन:
येतो ना. पण डेकार्ड ज्याची शिकार करतोय तो कृत्रिम माणूस रॉय मरतो तिथे? तळहातात खिळा, वर पाऊस कोसळतोय, आपल्याला मारायला आलेल्या डेकार्डला त्याने नुकतंच मनगट धरून वर ओढलंय. मग ते अखेरचं बोलणं. (संहितेतलं लांबण रॉय साकारणाऱ्या रुटगर हाउअरने स्वतः छाटलं, पावसातल्या अश्रूंची ओळ पदरची घातली.) त्याची मान खाली जाते न जाते तोच फोर्ड सुरू: याने मला का वाचवलं असेल बरं! अरे, गप्प बस की जरा.

पावसाळी_पक्षी:
😂 पण मग डेकार्ड स्वतःच यंत्रमानव आहे का?

पडदानशीन:
यंत्रमानव नव्हे, रेप्लिकंट. आत तारा-चाकं नाहीत. हाडामांसाचेच, पण प्रयोगशाळेत घडवलेले. रॉयच्या पिढीला आयुष्य चार वर्षांचं. डेकार्डचा पोलिसांतला सहकारी गॅफ दाराशी कागदी एकशिंगी घोडा ठेवून जातो ना, तो १९८२च्या प्रतीतही आहे. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की मी येऊन गेलो आणि रेचलला (तीही रेप्लिकंटच) जिवंत सोडलं. स्वप्न जोडल्यावर मात्र गॅफला डेकार्डच्या डोक्यातलं कसं ठाऊक, हा प्रश्न उभा राहतो. स्कॉट म्हणतो रेप्लिकंटच. मला पटत नाही. माणूस शिकार करत सुटलाय आणि बनवलेला जीव त्याला जीवदान देतो, हीच तर गंमत. दोघेही रेप्लिकंट असतील तर तो भाऊबंदकीचा मामला झाला.

लोकल_प्रवासी:
म्हणजे दिग्दर्शकाच्या मनासारखी प्रत बघायची, पण दिग्दर्शकाचं ऐकायचं नाही?

पडदानशीन:
अगदी बरोबर.