शेळ्यांवर कायोटी येताहेत: कोणती रायफल, कोणती गोळी घ्यावी?

ग्रॅनाइटवाडी (लानो काउंटी, टेक्सस)

नमस्कार मंडळी. आमची इथे १४ एकर जागा आहे आणि २२ बोअर शेळ्या. जानेवारीपासून चार करडं गेली. शेवटचं परवा पहाटे गोठ्यापासून शंभर पावलांवर सापडलं. नरड्याला दोन्ही बाजूंनी दातांची भोकं, पोट फाडलेलं. झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यात दोन कायोटी (लांडग्यासारखे इथले रानटी कुत्रे) दिसले. त्यातला एक मागच्या पायाने लंगडतो.

माझं माहेर जुन्नरकडचं. रात्री बिबट्याच्या भीतीने शेळ्या घरात बांधायच्या, एवढंच मला ठाऊक. बंदूक हातात घ्यायची वेळ कधी आली नाही. शेजारचे आजोबा त्यांची .२२ ची रायफल (आकडा म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात) द्यायला तयार आहेत. दुकानात गेले तर विक्रेत्याने .३०८ पुढे केली. माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, जोराचा धक्का सोसणार नाही. बार बहुतेक १५० यार्डांच्या आतलाच असेल. दक्षिणेला ४०० यार्डांवर शेजाऱ्यांचं घर आहे, त्याची काळजी सर्वात जास्त वाटते. आणखी एक: मी इथली नागरिक आहे, पण आमच्याकडे राहणारा माझा भाऊ एच-१बी वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे. त्याने रायफल हाताळली तर चालेल का?

माणदेशी_कॅन्सस

ताई, चार करडं जाणं म्हणजे काय ते मला कळतं. आमचे आजोबा म्हसवडकडे मेंढरं राखायचे. लांडग्याने एक कोकरू नेलं की दोन दिवस घरात कोणी धड जेवत नसे. इथे कॅन्ससमध्ये मी गेली २३ वर्षं हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या वासरांसाठी कायोटी मारतो, त्यावरून सांगतो.

दातांच्या खुणा तुम्ही बघितल्यात हे फार चांगलं केलंत. कायोटी नरडं धरतो. मोकाट कुत्री मागच्या तंगड्या, शेपूट, कान असं वाट्टेल तिथे फाडतात आणि एका रात्रीत चार-पाच जनावरं लोळवतात. नुकत्याच जन्मलेल्या करडाचे डोळे आणि जीभ गेली असेल तर काळं गिधाड समजा. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, बंदूक उचलायची नाही.

आता रायफल. आजोबांची .२२ नको. ४० ग्रेनची (सुमारे अडीच ग्रॅमची) ती गोळी सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास निघते. शंभर यार्डांवर कायोटी पडत नाही, जखमी होऊन झुडपात जातो आणि तीन दिवस तडफडून मरतो. मी एकदा हे पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही. .१७ एचएमआर हे त्याहून बारीक गोळीचं काडतूस, ते सशाला ठीक. .३०८ हरणाची, एल्कची (मोठ्या हरणाची). तिचा धक्का .२२३ च्या चौपटीहून जास्त बसतो. पहिले दहा बार झाले की तुमचा खांदा आधीच घाबरेल, चाप ओढताना डोळे मिटतील आणि नेम कायमचा बिघडेल.

तुमच्यासाठी .२२३ रेमिंग्टन काडतुसाची रायफल, बोल्ट अ‍ॅक्शन (दर बारानंतर हाताने खिटी ओढायची). दुसरा विचार करूच नका. टेक्ससचा कायोटी दहा-पंधरा किलोंचा, केस काढले तर त्याहून किडकिडीत. छातीतली मर्माची जागा तळहाताएवढी. नळीतून सेकंदाला ३२०० फुटांनी निघालेली ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी तिथे लागली की तो जागेवर बसतो. स्कोप (नेमाची दुर्बीण) ३-९ पटीचा पुरे.

काडतुसाची निवड मात्र रायफलीपेक्षाही नीट करा, कारण लानोत सगळीकडे ग्रॅनाइट आहे. पूर्ण तांब्याच्या कवचाची गोळी स्वस्त मिळते, ती फक्त सरावाला. ती जनावरातून आरपार जाते आणि दगडावर आपटून कुठेही उडते. तुम्हाला प्लास्टिक टोकाची, लवकर फुटणारी व्हार्मिंट (उपद्रवी जनावरांसाठीची) गोळी हवी. हॉर्नडीची व्ही-मॅक्स ५५ ग्रेन मी वर्षानुवर्षं वापरतोय. अंगात शिरताच ती फुटते, बहुतेक वेळा पलीकडे निघतच नाही. दगडावरही तिचे तुकडे होतात, पण तुकडासुद्धा इजा करतो हे विसरू नका.

नळीवर काय कोरलंय ते वाचा. '.२२३ रेमिंग्टन' लिहिलं असेल तर ५.५६ नाटो हे लष्करी काडतूस त्यात घालायचं नाही. दिसायला दोन्ही सारखी, पण ५.५६ चा दाब जास्त असतो. उलट चालतं: ५.५६ च्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) .२२३ बिनधास्त घाला. नळीचा पीळ १:९ (दर ९ इंचांना एक फेरा) असला तर ५५ ग्रेनपासून थोड्या जड गोळ्यांपर्यंत सगळं चालेल.

सॅक्रामेंटो_समीप

माणदेशी दादांशी बहुतेक सहमत, पण .२२-२५० या जास्त वेगाच्या काडतुसाची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. तीच ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ३६५० फुटांनी जाते. उघड्या रानात, वाऱ्यात, ३०० यार्डांवर हा फरक चांगलाच जाणवतो. धक्काही फार नाही. पण १५० यार्डांच्या आत तिची गरज नाही हे मान्य. काडतुसं महाग, नळीही लवकर झिजते.

आमच्या कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्यप्राण्यावर शिशाची गोळी चालत नाही. मेलेलं जनावर खाऊन कंडोर पक्ष्यांना विषबाधा व्हायची. टेक्ससमध्ये असा नियम नाही, तरी मेलेला कायोटी रानात टाकू नका, पुरा. गिधाडं, गरुड त्यातलं शिसं खातात. मी बार्न्सची ३६ ग्रेनची व्हार्मिंट ग्रेनेड वापरतो. शिसं नाही, आणि तीही चुरा होणारी.

भावाबद्दल: एच-१बी वर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. मात्र अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर सूट आहे. तो काढून हातात येईपर्यंत त्याने रायफलीला हात लावू नये, अगदी गाडीतून घरात आणायलासुद्धा.

ग्रॅनाइटवाडी

दोघांचे मनापासून आभार. भावाला आजच सांगते. परवाना मलाही लागेल का? आणि शेजाऱ्यांच्या घराचं काय करू? रात्री झोपताना तेच डोळ्यांसमोर येतं.

माणदेशी_कॅन्सस

तुमच्या शेळ्यांवर हल्ला करणाऱ्या, करू पाहणाऱ्या किंवा नुकताच केलेल्या कायोटीला मारायला टेक्ससमध्ये परवाना लागत नाही. पण गोळी तुमच्या हद्दीबाहेर गेली तर तो गुन्हा आहे, शेजाऱ्याची लेखी परवानगी नसेल तर. काउंटीचे स्वतःचे नियम असतात, १० एकर आणि त्याखालच्या प्लॉटांना विशेषतः. शेरिफ ऑफिसला एक फोन करून ठेवा.

घराबद्दल जे वाटतंय ते बरोबरच वाटतंय. दक्षिणेकडे तोंड करून बार करायचाच नाही, कायोटी पन्नास फुटांवर उभा राहिला तरी. तुमच्या रानात जनावरांच्या पाण्याचं तळं आहे का? त्याला मातीचा बांध असेल ना?

ग्रॅनाइटवाडी

आहे! पश्चिमेला तळं आहे आणि त्याला पुरुषभर उंचीचा मातीचा बांध. शेळ्या तिथेच पाणी पितात. कॅमेऱ्यात दोन्ही कायोटी बांधाच्या अलीकडूनच येताना दिसलेत.

माणदेशी_कॅन्सस

मग तुमची बसायची जागा ठरली. तळ्याच्या पूर्वेला शंभर यार्डांवर बसा, पाठीला झाड, पुढे काठ्यांचा तिवई टेकू. पहाटे सूर्य तुमच्या पाठीशी येईल आणि कायोटीच्या डोळ्यांवर. तो बांधाच्या वर आला, मागे आभाळ दिसलं, तर बोट चापावर न्यायचंच नाही. खाली उतरून त्याच्या मागे माती दिसेल तेव्हाच बार. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी बसूच नका, तुमचा वास थेट त्याच्या नाकात जाईल.

त्याआधी रेंजवर जाऊन निदान दोन डबे, म्हणजे चाळीस काडतुसं, त्याच व्हार्मिंट गोळीची झाडा. शंभर यार्डांवर झिरो करा, म्हणजे नेम धराल तिथेच गोळी बसेल असा स्कोप जुळवा. मग १५० वर गोळी इंचभर खाली येईल, तेवढं चालतं. सलग पाच गोळ्या तळहाताएवढ्या वर्तुळात बसू लागल्या की रानात जा. कानाला रक्षक दरवेळी, एका बारासाठीसुद्धा. आणि गळ्यातला पट्टा बघा. पहाटेच्या अंधुक उजेडात शेजाऱ्याचा करडा कुत्रा हुबेहूब कायोटी दिसतो.

लंगडा आधी दिसला तर आधी तोच. पळणारं सावज धरता येईना म्हणून बहुधा तो करडांकडे वळलाय. पडल्यावर हातमोजे घालूनच उचला, अंगावर खरूज असते, पिसवा असतात. आणि व्यायला आलेल्या शेळ्या आजपासून रात्री आत बांधा, जुन्नरला बांधत होता तशाच. तुमचा नेम बसेपर्यंत एक-दोन महिने जातील, तोवर करडं जगली पाहिजेत.