साठीनंतर चर्चच्या मंडळीत वेगळा 'ज्येष्ठ गट' हवाच कशाला?

सांजवेळ:
माझं वय ६८. घर बदललं तशी मंडळीही बदलली, त्याला आता दीड वर्ष झालं. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर एकांनी अगदी प्रेमाने हात धरून सांगितलं की आपला ज्येष्ठांचा गट बुधवारी सकाळी भरतो, तिकडे या, बरं वाटेल. गेलो. माणसं चांगली आहेत, प्रार्थना मनापासून करतात, त्यांच्याबद्दल तक्रार अजिबात नाही. पण दीड वर्षात मंडळीतल्या एकाही तरुणाचं नाव मला माहीत नाही आणि त्यांना माझं. संध्याकाळचा बायबल स्टडी 'तरुणांचा'. संडे स्कूलला शिक्षक कमी पडतायत असं सारखं जाहीर होतं, पण आमच्यापैकी कुणाला विचारावं असं कुणाच्या मनात येत नाही.

माझं म्हणणं, वेगळा गट काढला की मंडळीला वाटतं म्हाताऱ्यांची सोय लागली, विषय मिटला. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात म्हातारा शिमोन आणि हन्ना आहेत बघा. हन्ना ८४ वर्षांची, संसार जेमतेम ७ वर्षांचा, मंदिर सोडून कुठे जात नसे, आणि तिला प्रभू दिसला तो एक तरुण जोडपं आपलं महिन्या-सव्वा महिन्याचं बाळ, म्हणजे येशू, घेऊन तिथे आलं तेव्हा. तिला वेगळ्या वारी वेगळ्या खोलीत बसवलं असतं तर ती भेट झालीच नसती. आणि आत्मिक वाढीचं म्हणाल तर माझ्यासारखंच आयुष्य गेलेल्यांत बसून माझी तीच तीच साक्ष, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगणं, पुन्हा पुन्हा होते. विशीतल्या पोराने विचारलं की देवाने ऐकलं नाही तेव्हा तुम्ही काय केलंत, तर मला खरं उत्तर शोधावं लागेल, आणि ते शोधताना मी वाढेन.

तेलवात:
दादा, मला हे पटलं नाही. मला ह्याच बुधवारच्या गटाने उभं केलंय. मिस्टर गेल्यानंतर मी तुम्ही म्हणताय तशाच मिक्स ग्रुपला चार वेळा गेले. सगळे भरभर बोलतात, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा सुरू, आणि हिअरिंग एड बोलण्याबरोबर गोंगाटही मोठा करतं, सगळे हसले की मी पण हसायचे, काय झालं ते न कळताच, आणि घरी येऊन रडायचे. ज्येष्ठ गटात 'आता सावरा' असं कुणीही म्हणालं नाही कारण तिथे निम्म्याहून जास्त जणी त्यातून गेलेल्या.

आणि शास्त्राचंच काढलंत म्हणून सांगते, तीमथ्याला पहिलं पत्र, ५ वा अध्याय, ६० वर्षांवरच्या विधवांची वेगळी यादी आहेच की. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत राहून जात होत्या, तेव्हा आपण सगळे एकच आहोत असं म्हणून भागलं नाही, सात माणसं नेमावी लागली. सगळे एकत्र म्हटलं की जो मागे पडतो तो कुणाला दिसतच नाही.

सांजवेळ:
ताई, ऐकू येण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, माफ करा. पण त्या यादीची पुढची ओळपण वाचा ना, जिने परक्यांना घरात घेतलं, पवित्र जनांचे पाय धुतले, मुलं वाढवली अशीच बाई यादीत घ्यायची. म्हणजे तिने काय काय केलंय हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. मी काय केलंय हे आमच्या मंडळीत कुणाला माहीत आहे?

वाचक_जुना:
मुद्द्याला सोडून, पण शिमोन म्हातारा होता असं लूक कुठेच लिहीत नाही, वय फक्त हन्नाचं दिलंय. 'आता मला शांतीने जाऊ दे' ह्या त्याच्या बोलण्यावरून आपण ते धरून चाललोय.

नवी_पालवी:
मी २९ ची. काका, तुमच्या बाजूने लिहायला आले होते पण एक सांगावंसं वाटतं. मी नवीन असताना कडेवर बाळ घेऊन मधल्या बाकावर बसले तर एक आजी म्हणाल्या ही आमची जागा आहे. नंतर बाळ रडलं तेव्हा तीन वेळा मागे वळून बघितलं. याकोबाच्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात कुणाला कुठे बसवायचं ह्यावरून केवढं झापलंय! म्हणजे स्वागत ज्येष्ठांनीही करायचं असतं, तुम्ही नुसती वाट बघत बसलात तर आम्ही पण बसणार, कारण आम्हाला खरंच भीती वाटते की आपण ह्यांना त्रास देतोय.

त्याच मंडळीत दुसऱ्या एक आजी आहेत, दर आठवड्याला फोन करतात. उपदेश एक शब्दाचा नाही. मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवून पुढे काय झालं विचारतात, बस. तीताच्या पत्रात वडीलधाऱ्या बायकांनी तरुणींना शिकवावं असं आहे ना, तर मी प्रार्थना ह्यांच्याकडून शिकले.

दुसरा_मैल:
तुम्हा सगळ्यांशी माझं थोडं भांडण आहे. मी ८१. संडे स्कूल शिकवा, तरुणांना वेळ द्या, उपयोगी पडा, म्हणजे जो काही करू शकतो त्याचीच वाढ होते असं झालं. बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात बर्जिल्ल्य आहे, तोही ८० चा, दावीद राजा त्याला यरुशलेमेला चल म्हणतो तर तो सरळ सांगतो की मला चव कळत नाही, गाणाऱ्यांचे आवाज ऐकू येत नाहीत, मी ओझं कशाला होऊ, माझ्याऐवजी ह्या तुझ्या सेवकाला, किम्हामला ने. दावीद काय करतो? त्याचं चुंबन घेतो, आशीर्वाद देतो आणि घरी जाऊ देतो. थकलेल्या माणसाला असं मानाने जाऊ देणारी मंडळी मला हवी आहे.

माझ्या पत्नीला विस्मरणाचा आजार आहे. माझं नाव तिला बऱ्याचदा आठवत नाही. पण मी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं की ती शेवटपर्यंत बरोबर म्हणते. ती कुठल्याच गटात जाऊ शकत नाही. प्रभू येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला सांगितलंय की म्हातारा झालास की तू हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधेल, म्हणजे तुला कपडे घालेल. आयुष्यभर मी दुसऱ्यांची कंबर बांधली, आता स्वतःची बांधून घ्यायला शिकतोय आणि इतकं अवघड काही मी आजवर शिकलेलो नाही.

तेलवात:
काका, तुमच्या घरी कुणी येतं का?

दुसरा_मैल:
आमच्या चर्चचे पाळकसाहेब येतात, महिन्यातून एकदा, प्रभुभोजन (प्रभूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस) घेऊन. बाकी कुणी नाही. लोकांना वाटतं तिला कळत नाही तर जाऊन काय करायचं.

नवी_पालवी:
हे वाचून पोटात तुटलं. आमच्याकडेही असे कुणी असतील आणि मला माहीतच नाही. ह्या रविवारी पाळकांना घरी असणाऱ्यांची नावं विचारते. बाळाला घेऊन गेलं तर चालेल का लोकांना, ते सांगा.

दुसरा_मैल:
बाळ नक्की न्या. हिला बाळ दिसलं की चेहराच बदलतो.

साउंडवाला:
तेलवात ताईंसाठी. आमच्या सभागृहात हिअरिंग लूप आहे, म्हणजे कडेने एक वायर फिरवलेली असते आणि हिअरिंग एडमध्ये टेलिकॉइल (लूपचा सिग्नल पकडणारी छोटी कॉइल) असेल तर माईकचा आवाज थेट कानात येतो, गोंगाट सोडून. पण मग प्रत्येकाने माईकवरच बोलायला हवं, 'माझा आवाज मोठाच आहे' म्हणणाऱ्यांनीसुद्धा. छोट्या गटात एका वेळी एकानेच बोलायचं एवढा नियम केला तरी खूप फरक पडतो. ज्येष्ठ गट हवा की नको ह्याच्या आधी हे करा.

सांजवेळ:
गट बंद करा असं मी लिहिलं नव्हतं, पण सूर तसाच लागला, ते मान्य. वेगळं बसवण्यावरचं माझं मत मात्र तेच आहे. संडे स्कूलचं आता मी स्वतःच जाऊन विचारणार आहे. आणि आमच्या बुधवारच्या गटातल्या एक बाई गेल्या पावसाळ्यापासून दिसलेल्या नाहीत, त्यांच्या घरी कोण जातं हे मला आज पहिल्यांदा विचारावंसं वाटलं.

तेलवात:
विचारा. आणि बुधवार सोडू नका दादा, वाटलं तर एखाद्या तरुणाला सोबत घेऊन या. फक्त त्याला आधी सांगा, हळू बोल.