चौकातल्या सीसीटीव्हीबद्दल माहिती अर्ज: 'गोपनीय' आणि 'वैयक्तिक' दोन्ही कारणं एकाच पत्रात

मोंढा_नाका
मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. नगरपरिषदेनं मोंढा, बसस्थानक आणि काही चौकांत कॅमेरे बसवलेत, चित्र दिसतं पोलीस ठाण्यात. त्यातला एक फिरता कॅमेरा अशा खांबावर आहे की मागच्या गल्लीतली अंगणं आणि माळवदं सरळ दिसतात. उन्हाळ्यात तिथं बायामाणसं झोपतात. माहिती अधिकारात एकाच अर्जात विचारलं: कॅमेरे किती, कुठं, खर्च किती, चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतात, शिवाय एका दिवसाचं चित्रण. उत्तर आलं: "सदर माहिती सुरक्षेच्या दृष्टीने गोपनीय तसेच वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही."
अंगण बघताना खासगीपणा आठवत नाही, कागद मागितला की आठवतो! अपिलात काय मांडावं? आणि कॅमेऱ्याचं तोंड फिरवायला कुणाकडं जावं?

डीव्हीआर_वाला
अपिलाच्या आधी हार्ड डिस्कचा हिशोब करा. 2 मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.265 (चित्रण दाबून साठवायची नवी पद्धत) वर साधारण 2 एमबीपीएसनं चालतो, म्हणजे दिवसाला 21-22 जीबी. सोळा कॅमेरे असतील तर 345 जीबीच्या घरात. यंत्रात 4 टीबीची डिस्क असेल तर अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं चढायला लागतं. जुनी एच.264 पद्धत असेल तर त्याच्याही आधी. माहिती अधिकाऱ्याला उत्तरासाठी 30 दिवस असतात. म्हणजे उत्तर अगदी मुदतीत आलं तरी "चित्रण उपलब्ध नाही" हे खरंच असू शकतं, त्यात दरवेळी कुणाचा कावा असतोच असं नाही.

म्हणून चित्रण हवं असेल तर अर्जाची वाट न बघता त्याच दिवशी 'चित्रण जतन करावे' असं वेगळं पत्र मुख्याधिकारी आणि पोलीस निरीक्षक दोघांनाही द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पत्रात खांबाची जागा, तारीख आणि जास्तीत जास्त अर्ध्या तासाची वेळ लिहा. "दिवसभराचं द्या" म्हटलं की कुणी काढून देत नाही. बऱ्याच यंत्रांची घड्याळं पंधरा-वीस मिनिटं पुढं-मागं असतात, तेव्हा 'यंत्राची वेळ व प्रत्यक्ष वेळ यांतील फरक नोंदवावा' ही ओळ घालाच.

ओळखीच्या शिपायानं पडद्याचं मोबाइलवर शूटिंग करून दिलं तर ते कोर्टात टिकवणं अवघड. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा ओळख-आकडा) लिहावी लागते. आपल्या जालन्याचाच दाखला आहे. 2014 च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज किती वाजता आला हे निवडणूक कार्यालयाच्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 14 जुलै 2020 ला सांगितलं की प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण पक्षकारानं वारंवार मागूनही कार्यालयानं ते दिलं नाही, तर त्याची शिक्षा पक्षकाराला नाही. तेव्हा प्रत्येक मागणी लेखीच करा.

बालाघाटी
वरच्या भाऊंनी चित्रणाचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो.

आलेलं उत्तर कायद्याला धरून नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 7(8) प्रमाणे नकाराचं कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण हे तिन्ही लिहावं लागतं. नुसतं 'गोपनीय' म्हणून चालत नाही, कलम 8(1) मधलं कुठलं पोटकलम ते सांगावं लागतं. नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं कलम 19(5) नुसार त्यांच्यावरच.

'वैयक्तिक'बद्दल मात्र जुने नमुने उतरवू नका. 14 नोव्हेंबर 2025 पासून डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 44(3) मुळे 8(1)(जे) बदललं आहे. आधी 'सार्वजनिक कामाशी संबंध नाही' किंवा 'खासगीपणावर अवाजवी आक्रमण' असं दाखवावं लागायचं, आता 'वैयक्तिक माहिती' एवढंच पुरतं. 'विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही' हे परंतुकही (कलमाला जोडलेली अट) गेलं. माझ्या मते या दुरुस्तीनं खासगीपणा जपला गेला त्यापेक्षा कार्यालयांचा आडोसा जास्त वाढला. कलम 8(2) मात्र शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. फरक एवढाच की ते जनहित आता तुम्ही मुद्देसूद लिहायला पाहिजे.

दुसरं, तुम्ही सगळं एकाच अर्जात कोंबलं. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज, एक विषय, 150 शब्द. चित्रण वेगळं काढा. नवीन अर्जात फक्त कागद मागा: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, देखभालीचा करार, साठवण क्षमता, चित्रण किती दिवस ठेवायचं याचा आदेश, लॉगिन असलेल्यांची पदनामं (नावं नकोत) आणि चित्रण पाहण्या-नेण्याची नोंदवही. यातली नोंदवही सगळ्यात मोलाची. 'अशी नोंदवही ठेवली जात नाही' असं लेखी आलं तरी तुमचं काम झालं. कुणीही येऊन बघतं, हाच त्याचा अर्थ.

अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत, 20 रुपयांचं तिकीट. दुसरं 90 दिवसांत, तेवढंच तिकीट, राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं. तिथं नंबर लागायला वेळ जातो, म्हणून अपील चालू असतानाच नवीन अर्ज टाका.

खाकी_कागद
दुसरी बाजूही बघा, दादा. कुठला कॅमेरा बंद आहे, कुठल्या कोपऱ्यात रात्री दिसत नाही, ही यादी बाहेर गेली तर मोंढ्यातून सोयाबीनची पोती उचलणाऱ्याचं काम सोपं होतं. तेवढं राखून ठेवणं गैर नाही.

चित्रणाचं तर मी ठामपणे म्हणतो, माहिती अधिकारात सरसकट देऊच नये. कलम 6(2) मुळे अर्जदाराला कारण विचारता येत नाही. म्हणजे जे तुम्हाला मिळेल ते बसस्थानकावर एखाद्या पोरीचा माग काढणाऱ्यालाही मिळेल. कलम 10 प्रमाणे चेहरे झाकून भाग वेगळा करून देता येतो, पण ते करायला माणूस आणि सॉफ्टवेअर किती नगरपरिषदांकडं आहे?

'तपास चालू आहे' हे कारण मात्र दर वेळी मान्य करू नका. दिल्ली उच्च न्यायालयानं 2007 मध्येच भगतसिंग प्रकरणात सांगितलंय की तपास प्रलंबित असणं पुरेसं नाही, माहिती दिल्यानं त्याला अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं. आणि ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्यांचा नियम वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालानं (2 डिसेंबर 2020) ते चित्रण 18 महिने ठेवायला सांगितलंय, तशी सोय नसेल तर निदान एक वर्ष. ते पोलिसांवरच नजर ठेवायला आहेत.

मोंढा_नाका
कागदांचा अर्ज आजच लिहितो. पण अंगणाचं काय? फोन टॅप करायला आदेश लागतो म्हणतात, मग इथं काहीच लागत नाही का?

बालाघाटी
नेमकं तिथंच दुखणं आहे. फोनसाठी राज्याच्या गृह सचिवांचा आदेश, 60 दिवसांची मुदत, फार तर 180, वर पुनर्विलोकन समिती. मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्ये विनीत कुमार प्रकरणात टॅपिंगचे आदेश रद्दही केलेत. खांबावरच्या कॅमेऱ्याला मात्र माणसागणिक कुणाची सही लागत नाही. डेटा संरक्षण कायद्याच्या नागरिकांच्या हक्कांच्या तरतुदी 2027 मध्ये लागू होतील, आणि तिथंही केंद्राला सरकारी यंत्रणांना सूट देता येते. तोवर आधार खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालाचा: कायदा आहे का, हेतू रास्त आहे का, आणि नजर त्या हेतूपुरतीच आहे का. चौकातल्या चोरीसाठी माळवद बघायची गरज नाही, त्यामुळं तिसऱ्या कसोटीवर तुमची बाजू भक्कम आहे.

डीव्हीआर_वाला
कॅमेरा काढा म्हणू नका, 'प्रायव्हसी मास्क लावा' म्हणा. मेनूतली पाच मिनिटांची गोष्ट आहे, तेवढ्या भागावर काळा चौकोन येतो आणि रेकॉर्डिंगमध्येही तो भाग झाकलेला राहतो. घुमण्याची मर्यादाही ठरवता येते. मात्र कॅमेरा रीसेट झाला किंवा बदलला की मास्क उडतो, ठेकेदाराचा माणूस परत लावत नाही. म्हणून मास्क लावलेल्या पडद्याचं छायाचित्र लेखी उत्तरासोबत मागा आणि देखभालीच्या करारात ही अट घालायला सांगा.
अर्ज मुख्याधिकाऱ्यांना, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेला आणि ठाण्याला. माळवदावरून कॅमेरा दिसतो असा फोटो जोडा. आणि अर्जावर पुढाऱ्याची नाही, ज्यांची अंगणं दिसतात त्या घरांच्या सह्या घ्या.