माहिती मराठीत घ्यायची, ज्ञान इंग्रजीत करायचं: हे समाजशास्त्र कुणाचं?

माळरान

सर्वेक्षणाचे फॉर्म भरण्याचं काम मी चार वर्षं केलं. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी विचारलं, "मागं पण कुणी आलं होतं, दोन दोन तास बसून लिहून नेलं. त्याचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर शोध घेतला तेव्हा कळलं की अहवाल झाला होता. इंग्रजीत, जाडजूड. गावात एकही प्रत नाही.

आपल्याकडे समाजाची पद्धतशीर पाहणी सुरू झाली ती राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले नुसती जातींची मोजदाद करून थांबला नाही. त्याने सामाजिक प्रतिष्ठेप्रमाणे त्यांची उतरंड लावायला घेतली, आणि नाकाच्या मापावरून वंश ठरतो यावर त्याचा पक्का विश्वास होता. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, १९२४ पासून समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये. माणसं आपली आली, पण बैठक तीच राहिली: विचारणारा वर, सांगणारा खाली, आणि लिहायचं ते तिसऱ्याच कुणासाठी.

याउलट त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' बघा. १९१५ सालचा. महसूल खात्यात नोकरी केलेला माणूस वतन (वंशपरंपरेचा हक्क), बलुतं, अलुतं (गावच्या कामाबद्दल मिळणारा वाटा), उपरी (बाहेरून आलेलं कूळ) हे गावाचेच शब्द घेऊन गावाची अर्थव्यवस्था उलगडतो. समाजशास्त्राची सुरुवात म्हणून हे पुस्तक किती वर्गांत शिकवलं जातं?

ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्या भाषेत ती परत जात नसेल, तर मी तिला वसुलीच म्हणेन.

विदागार

तुमची तळमळ समजते, पण निदान पटत नाही. माप कुणी शोधलं यावरून ते कुणाच्या कामाचं हे ठरत नाही. नाकाच्या मापांचंच घ्या. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमावर लिहिताना बाबासाहेबांनी हीच मापं वापरली. ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे आकडे शेजारी ठेवले, आणि दोघांचे वंश वेगळे हा सिद्धांत त्याच आकड्यांनी मोडून काढला. त्यांनी हत्यार परकं म्हणून टाकून दिलं असतं तर?

दुसरं, स्वातंत्र्यानंतर आपण काय केलं? १९५१ पासून अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी जातींची मोजणीच थांबवली. मंडल आयोगाने १९८० मध्ये अहवाल दिला तेव्हा इतर मागासवर्गीयांच्या लोकसंख्येचा अंदाज बांधायला १९३१ च्या जनगणनेकडे जावं लागलं. न मोजण्याचा फायदा कुणाला झाला? वासाहतिक वारशावर बोट ठेवलं की हा प्रश्न झाकला जातो, म्हणून मला हा सूर धोक्याचा वाटतो.

माळरान

मोजणीला माझा विरोध नाही. पण मोजणं वेगळं आणि उतरंड लावणं वेगळं. रिस्लेने क्रम लावायला घेतल्यावर आपल्या जातीचं स्थान वर लागावं म्हणून देशभरातून अर्जांचे ढीग आले. जातसभा उभ्या राहिल्या, वंशावळी छापल्या गेल्या. म्हणजे मोजणाऱ्याने जे मोजलं तेच मोजण्यामुळे बदललं. तराजूवर ठेवल्याने धान्याचं वजन बदलत नाही, माणसांचं बदलतं. त्यामुळे प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला याला मी इतकं महत्त्व देतो.

ओवी

शब्दांबद्दल माळरानशी सहमत, कारणाबद्दल नाही.

बायकांच्या कामाच्या पाहणीत मी होते. छापील प्रश्न होता "आपला मुख्य व्यवसाय कोणता?" उत्तर ठरलेलं: "काही नाही, घरीच असते." हे सांगताना बाई खुरपं हातात घेऊन उभी असायची. खुरपणी, शेण काढणं, दूध घालून येणं हे सगळं ती 'काही नाही' मध्ये बसवायची. मग आम्ही विचारायला लागलो, "काल उठल्यापासून काय काय केलंत?" आणि पान पुरेना.

हा प्रश्न मराठीतच होता. मराठीतच चुकला. जिथे इंग्रजीत विचारतात तिथेही बायकांचं काम असंच गळतं. देशभराची वेळ-वापर पाहणी व्हायला आपल्याकडे २०१९ उजाडलं, कारण दिवसाचा तास न् तास लिहून घ्यायला वेळ, पैसा आणि चिकाटी लागते. घरटी वीस मिनिटांत फॉर्म उरकायचा असेल तर कोणतीही भाषा वापरा, निष्कर्ष तोच येणार.

आणि आपल्याकडे दोन्ही भाषांत लिहिण्याची परंपरा नव्हती असंही नाही. इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांच्या रचनेवर इंग्रजीत लिहिलं, मराठी लोकांच्या संस्कृतीवर मराठीत लिहिलं, आणि कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणीही केली. ती वाट पुढे का रोडावली, यावर बोलायला मला आवडेल.

निनावी_वाट

'गावगाडा'चं कौतुक वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

त्याच आत्र्यांनी 'गुन्हेगार जाती' या नावाचंही पुस्तक लिहिलंय. मराठीत. मी ज्या समाजातून येतो तो त्या शीर्षकात बसतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली हे खरं. पण तो शिक्का गावाने आनंदाने उचलला, आणि आपल्या भाषेत उचलला. सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसं ठेवली होती, हजेरी लागायची. १५ ऑगस्ट १९४७ ला ते कुंपण उघडलं नाही. आमची सुटका ३१ ऑगस्ट १९५२ ची, तो कायदा रद्द झाला तेव्हाची. पाच वर्षं सोळा दिवस उशिरा.

त्यामुळे "गावाची भाषा, गावाचे शब्द" असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. गावाच्या शब्दांत आमच्यासाठी काय काय आहे ते मला पाठ आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरूंनी २००२ मध्ये भारतीय समाजविज्ञानांबद्दल लिहिलं की सिद्धांत मांडणारे एका बाजूला आणि नुसती माहिती पुरवणारे दुसऱ्या बाजूला, अशी इथे वर्णव्यवस्थाच आहे. माळरान, तुमचं "विचारणारा वर, सांगणारा खाली" हे वाक्य बरोबर आहे. पण तो वर बसलेला कायम साहेबच होता असं नाही.

माळरान

ते पुस्तक मला माहीत होतं आणि तरी मी त्याचा उल्लेख टाळला. आवडत्या लेखकाची नको असलेली बाजू गाळली. ही चूक माझी. गावगाड्याचे शब्द गाडा कुणाच्या खांद्यावर होता हे लपवूही शकतात, हे मान्य.

तरीही माझी मूळ मागणी मी सोडत नाही. अहवाल परत नेऊन वाचून दाखवला पाहिजे, आणि "हे असं नाही" म्हणायचा हक्क लोकांना असला पाहिजे. निनावी_वाट, तो हक्क १९११ साली, ते पुस्तक निघालं तेव्हा, तुमच्या पणजोबांना असता तर?

विदागार

इथे व्यवहारातली अडचण सांगतो. 'लोकांना' म्हणजे नक्की कुणाला? समजा अहवालात लिहिलंय की पाणवठा आजही वेगळा आहे. तुम्ही गावात वाचायला बसलात. पहिला उठून "हे असं नाही, खोडा" म्हणणारा कोण असेल? ज्याची विहीर आहे तो. तुम्ही खोडणार?

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूर भागातल्या गावात अभ्यासासाठी राहिले ते गावप्रमुखाच्या आसऱ्याने. प्रभुत्वशाली जातीचं, म्हणजे गावावर वरचष्मा असलेल्या जातीचं, बळ त्यांना इतक्या जवळून दिसलं, पण दलित वस्तीत मोकळेपणाने वावरणं त्यामुळेच अवघड झालं. निष्कर्ष बदलण्याचा हक्क गावाला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आक्षेप जरूर नोंदवावेत, मूळ मजकुराशेजारी, कुणी घेतला त्यासकट.

निनावी_वाट

विदागारांची शेजारी नोंदवण्याची सूचना मला चालेल. पणजोबांचं म्हणाल तर, त्यांना कुणी विचारायला आलंच नव्हतं. त्यांच्याबद्दल पोलिसांना आणि पाटलाला विचारलं होतं. त्यामुळे माझ्यासाठी पहिला मुद्दा वाचून दाखवण्याच्या आधीचा आहे: फॉर्म बनतो त्या खोलीत आमच्यातलं कुणी बसलंय का?

ओवी

माळरान, खरोखर अहवाल वाचायला जाणार असाल तर एकच विनंती. चावडीवर एकदा वाचून परत येऊ नका. वस्तीतल्या बायका तिथे येणार नाहीत, आल्या तरी बोलणार नाहीत. त्यांच्या अंगणात वेगळं वाचा, संध्याकाळची भाकरी झाल्यावर, आणि वाचणारी बाई असू द्या. आमच्या पाहणीत "काही नाही" खोडून पानभर सांगितलं ते तिथेच.